पापुद्रेबाईंची नजर

पापुद्रेबाईंचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकाखेरीज कुठे उरलं नव्हतं. पेन्सिलीत असतं ते ग्राफाइट चिकटपट्टीवर घ्यायचं, पट्टी दुमडून उघडायची, पुन्हा दुमडून उघडायची, आणि असं सोलत सोलत त्याचे इतके पातळ पापुद्रे काढायचे की शेवटी एखादा फक्त एका अणूच्या जाडीचा हाती लागावा, हे त्यांचं काम. त्या पापुद्र्याला ग्राफीन म्हणतात. एकेक यंत्र खोलीएवढं असलेल्या प्रयोगशाळेत सगळ्याची सुरुवात दुकानातल्या साध्या चिकटपट्टीने होते, हे ऐकून पाहुणे हसत. बाईंना त्या हसण्याचा भारी राग. हसा, दात दाखवा, असं मनात म्हणत त्या खाली मान घालून सोलत राहायच्या.

सोलणं काय, कोणीही सोलेल. खरी मेख पुढे होती. पट्टीवरचा माल नखाएवढ्या चकचकीत चकतीवर दाबायचा, चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि शोधत बसायचं. चकती जांभळी. तिच्यावर हजारभर ठिपके, त्यातला जवळजवळ सगळा कचरा. एकपदरी पापुद्रा म्हणजे त्या जांभळ्यावर पडलेली जेमतेम सावली. दुपदरी म्हणजे तीच सावली किंचित गडद, तिपदरी अजून किंचित. भल्याभल्या पदवीधरांना हा फरक कळता कळत नसे. दिवसभर डोळे फोडून ते हात टेकत, मग बाई येऊन उभ्याउभ्याच भिंगात डोकावत आणि सांगत की डाव्या कोपऱ्यात एक दुपदरी आहे, बाकीचं टाकून द्या.

ही नजर काही आभाळातून पडली नव्हती. आधीची बावीस वर्षं बाई शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात रंग जुळवायला होत्या. रंगवलेल्या दोऱ्याची नवी खेप आली की ती जुन्या नमुन्याशी जुळते का, हे खिडकीपाशी उभं राहून सांगायचं. बाईंनी नाही म्हटलं की अख्खी खेप परत रंगाच्या हौदात. मालकसुद्धा त्यावर चकार शब्द काढत नसे. पुढे कारखाना बंद पडला आणि चाळिशी उलटल्यावर बाई प्रयोगशाळेत लागल्या त्या काचेची भांडी धुवायला. एकदा भांडी पुसता पुसता त्यांनी एका विद्यार्थ्याच्या खांद्यावरून सूक्ष्मदर्शकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, हे दोन ठिपके तुम्ही एक समजताय, पण यांचा रंग एक नाही. तपासलं तर बाई बरोबर. तिथले सर पक्के व्यवहारी माणूस. दुसऱ्याच दिवशी भांडी दुसऱ्या कोणाकडे गेली.

सुरुवातीला बाईंनी निवडलेला प्रत्येक पापुद्रा अंगणापलीकडच्या इमारतीत जाई. तिथे लेझरचं यंत्र होतं. ते पापुद्र्यावर प्रकाश टाकून पदर किती ते नेमकं सांगायचं. दोन वर्षं तपासलं, तीनशेच्या वर पापुद्रे, आणि बाई एकदाही चुकल्या नाहीत. मग हळूहळू लोकांना चकत्यांचा डबा घेऊन अंगण ओलांडायचा कंटाळा यायला लागला. नोंदवहीत 'लेझर तपासणी' असा रकाना होता, त्यात यंत्राचा आकडा लिहायच्या जागी कोणीतरी नुसतं 'बाई' असं लिहिलं. दुसऱ्याने त्याचं पाहून लिहिलं. कोणी ठरवलं नाही, कोणी विचारलं नाही, आणि दहा वर्षं तो रकाना 'बाई, बाई, बाई' असा भरत गेला. बाईंना त्याचा अभिमान वाटे. का वाटू नये? शिकलेल्या माणसांनी आपला शब्द यंत्राच्या जागी लिहावा, हे कोणाला आवडणार नाही हो?

त्या वर्षी बाईंचे सगळ्यात जास्त पापुद्रे जात ते सावकाशकडे. ही पीएचडी करणारी मुलगी, तिशीला टेकलेली. कोणी घाई केली की ती फक्त 'सावकाश' म्हणायची, म्हणून तिचं नाव तेच पडलं. बाईंना ती काकू म्हणे. दुपारच्या सुट्टीत दोघी जिन्याखालच्या बाकावर डबे उघडून बसत, आणि आपण दिलेल्या पापुद्र्याचं पुढे होतं तरी काय, हे बाई तिच्याकडून खोदून खोदून विचारून घेत.

सावकाशने एकदा नीट समजावून सांगितलं होतं. प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे वीज तर असतेच, पण तो एक इवलंसं चुंबकही असतो. त्या गुणाला स्पिन म्हणतात. बाहेरून मोठं चुंबक लावलं की त्याचं तोंड वर नाही तर खाली. वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. आणि कोणी विचारेपर्यंत तो थोडा वर, थोडा खाली असाही राहू शकतो. या मधल्या अवस्थेच्या जोरावरच क्वांटम संगणक उभा करायचाय. अडचण एवढीच की इलेक्ट्रॉन महा चंचल. आजूबाजूच्या अणूंनी जरा डिवचलं की तोंड फिरवलंच. ग्राफीनमधले कार्बनचे अणू मात्र बहुतेक सगळे गरीब स्वभावाचे, त्यांना स्वतःचं चुंबकत्व नाही, ते डिवचत नाहीत. म्हणून ग्राफीनमध्ये एका इलेक्ट्रॉनला कोंडायचं, भयंकर थंड करायचं आणि त्याचं तोंड किती वेळ टिकतं ते मोजायचं. त्या कोंडीला क्वांटम डॉट म्हणतात.

एका इलेक्ट्रॉनला विचारणार कसं, तुझं तोंड कुठेय म्हणून? बाईंना हे काही पटेना. सावकाश म्हणाली, कोंडीचं दार असं बेताचं उघडं ठेवायचं की तोंड वर असलेला बाहेर पडू शकेल आणि खाली असलेल्याला ते जमणार नाही. कोणी बाहेर पडला की शेजारच्या तारेतली वीज जराशी उडी मारते. उडी दिसली तर वर, नाही दिसली तर खाली. असं हजारो वेळा करायचं.

बाई म्हणाल्या की हे तर आमच्या जावयासारखं झालं, तो जेवायला थांबतो की नाही यावरूनच त्या दिवशी त्याचं तोंड सरळ आहे की वाकडं ते आम्हाला कळतं. सावकाश इतकी हसली की तिला ठसका लागला.

पण या सगळ्याला अट एक. पापुद्रा दुपदरीच हवा. दोन पदरांवर वरून आणि खालून वीज लावली की मध्ये इलेक्ट्रॉनला ओलांडता येणार नाही अशी भिंत उभी राहते, आणि त्या भिंतींचीच कोंडी होते. पदर तीन झाले की सहसा ती भिंत उभीच राहत नाही. मग कसला इलेक्ट्रॉन आणि कसलं त्याचं तोंड, सगळं वाहून जातं.

आणि सावकाशचं सगळं वाहूनच जात होतं. पहिलं उपकरण तिने अडीच महिने खपून केलं. पापुद्रा उचलायचा, दुसऱ्या एका स्फटिकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये दाबायचा, वर केसाहून कितीतरी बारीक सोन्याच्या पट्ट्या चढवायच्या, मग थंड करायचं. थंड केलं तर गळतं. दुसरं केलं, तेही गळतं. तिसऱ्याच्या वेळी ती श्वाससुद्धा जपून घेत होती म्हणे. तेही गळलं. असे आठ महिने गेले.

सर वाईट नव्हते, घाईतले होते. सोमवारच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की पापुद्रे बाईंचे आहेत, म्हणजे तिथे शंकेला जागा नाही, यंत्रं इतरांच्या हातात नीट चालतात, मग उरतो तो हात. काही जणांचा हात या कामाला नसतो, त्यात कमीपणा काही नाही. तिने महिनाअखेरपर्यंत गणिताच्या गटात जायचा विचार करावा. सावकाशने मान हलवली. त्या दिवशी बाकावर तिने डबा उघडला नाही. आईला फोन करून सांगितलं, म्हणाली, की मला हे जमत नाही. एवढं बोलून ती आपल्या हातांकडे बघत बसली. बाईंचा जीव तुटला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी बाईंनी नवऱ्याशिवाय कोणाला सांगितली नव्हती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. दिव्यांभोवती कडी दिसायला लागून दीड वर्ष झालं होतं. बाई मूग गिळून गप्प. डोळ्यावर पोट असलेल्या माणसाने डोळा बिघडला असं बोलायचं कुठे? दरवर्षी त्यांच्या नेमणुकीचा कागद नव्याने निघे, आणि तो यायला दोन महिने होते. शेवटी जिन्यावर पाय चुकायला लागला तेव्हा भाचीकडे जाते अशी थाप मारून त्यांनी तीन आठवड्यांची रजा काढली आणि उजवा डोळा करून घेतला. डावा पुढच्या महिन्यात.

डोळ्यावरची पट्टी सोडली त्या दिवशी बाई हरखून गेल्या. घरातला पडदा त्यांना बदामी वाटायचा, तो पांढरा निघाला. उजवा डोळा झाकला की बदामी, डावा झाकला की पांढरा. नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला, बोलका माणूस. तो म्हणाला, अगं, मग माझे केस किती पांढरे झालेत ते आत्ताच कळलं असेल तुला. दोघं हसली. आणि हसता हसता बाई थबकल्या. पडदा बदामी दिसत होता, तर इतके दिवस ती जांभळी चकती कशी दिसत होती?

कामावर परतल्या त्या सकाळी बाई सगळ्यांच्या आधी आल्या. डब्यात तीन चकत्या होत्या, रजेवर जाण्यापूर्वी सावकाशच्या पुढच्या उपकरणासाठी दुपदरी म्हणून निवडलेल्या. पहिली भिंगाखाली ठेवली. डाव्या डोळ्याने पाहिलं, ओळखीची दुपदरी सावली. मग उजव्याने पाहिलं. सावली चांगली गडद होती. कडेला पायऱ्या सुटलेल्या होत्या, एक, दोन, तीन, स्पष्ट मोजता येत होत्या. दुसऱ्या चकतीचीही तीच गत. तिसरी तेवढी खरी दुपदरी होती. डबा उचलून त्या अंगण ओलांडून गेल्या. लेझरच्या यंत्रावरचा माणूस त्यांना बघून चकित झाला, बाई, तुम्ही आणि इकडे? यंत्राने तेच सांगितलं. तीन, तीन, दोन.

चूक कुठे झाली ते बाईंना तिथल्या तिथे कळलं, आणि ती मोतीबिंदूची नव्हती. दोऱ्याच्या कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवलं होतं, नमुना हातात धरल्याशिवाय रंग सांगायचा नाही. आठवणीतून रंग सांगणारा माणूस कधी ना कधी तोंडघशी पडणार. इथे मात्र त्या नमुना ठेवतच नव्हत्या. माझ्या डोळ्यात बसलाय रंग, असं म्हणायच्या, लोक कौतुकाने बघायचे. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत गेलं, सावल्या फिक्या होत गेल्या, आणि आताचे तीन पदर पूर्वीच्या दोन पदरांइतके फिके दिसायला लागले. शेजारी एक खरी दुपदरी चकती ठेवलेली असती तर पहिल्या दिवशी उघडं पडलं असतं. बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, हे बघ, तिला आता खरा दुपदरी दे. तिचं उपकरण चालेल, ती खूश, सर खूश, तुझा कागद निघेल. झालं गेलं कोणाच्या लक्षातही येणार नाही. तो बायकोच्या भल्याचंच बोलत होता. बाईंना ते पटलं, आणि इतक्या पटकन पटलं की रात्री त्यांना शांत झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिसरी चकती सावकाशच्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, हा एक शेवटचा करून बघ माझ्यासाठी. सावकाश आपला खण रिकामा करत होती. तिने चकती उचलून उजेडात धरली आणि परत बाईंच्या हातात दिली.

"नको काकू. चांगला पापुद्रा आहे, चांगल्या हाताच्या माणसाला द्या. माझ्या हाताने याचंही मातेरं होईल."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तिने ते मान्य करून टाकलं होतं. बाईंना वाटलं, हिने चिडून दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चकती मुठीत धरून त्या आपल्या टेबलाशी आल्या आणि नोंदवही उघडून मागे मागे जात राहिल्या. तिन्ही वेळा तोच रकाना, तोच शब्द.

सोमवारी बैठकीत सरांनी नेहमीसारखं कोणाला काही सांगायचंय का असं विचारलं, आणि ज्या कधीच काही बोलत नसत त्या पापुद्रेबाई उठून उभ्या राहिल्या.

"सर, हात हिचा नाही चुकला. डोळा माझा चुकला. मी तिला दिलेले तिन्ही पापुद्रे तिपदरी असणार. जे डब्यात उरले होते त्यातले दोन तसेच निघाले. मला मोतीबिंदू आहे, दीड वर्ष झालं, मी बोलले नाही."

सगळे एकदम बोलायला लागले. कधीपासून? किती चकत्या? कोणाकोणाच्या? एकाने तोंडावर हात ठेवला, त्याचं उपकरण त्याच आठवड्यात थंड व्हायला गेलं होतं. सरांनी नोंदवही मागवली, तो रकाना वरून खाली बोटाने पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. वही मिटून ते म्हणाले की हे एकट्या बाईंनी लिहिलेलं नाही, हे आपण सगळ्यांनी लिहिलंय, आणि त्यावर दर महिन्याला सही माझी आहे. आजपासून प्रत्येक चकती लेझरवर जाईल, कोणीही निवडलेली असो. सावकाशची तिन्ही जुनी उपकरणं त्याच दिवशी तपासायला पाठवली. संध्याकाळच्या आत तिन्हींचा निकाल आला. तिपदरी.

सावकाश बैठकीतूनच उठून गेली होती. बाईंना ती जिन्याखालच्या बाकावर सापडली. बाई समोर उभ्या राहिल्या, शेजारी बसायचा धीर झाला नाही. तिन्ही तिपदरी निघाले, एवढं त्यांनी सांगितलं.

"आठ महिने, काकू," ती म्हणाली. "आठ महिने मी या हातांना शिव्या दिल्यात. घरी भांडं जरी हातातून पडलं तरी वाटायचं, बघ, हेच ते."

माफ कर म्हणणं बाईंना फार स्वस्त वाटलं, तरी त्या म्हणाल्या. सावकाशने ऐकलं. मग खिशातून फोन काढला, त्यावर आईचा नंबर काढला.

"आईला मी इतक्यांदा सांगितलंय की मला जमत नाही, की आता मी काही वेगळं सांगितलं तर तिला वाटेल, पोरगी स्वतःची समजूत घालतेय. तुम्ही सांगा तिला."

तिने फोन लावून बाईंच्या हातात दिला. बैठकीत बारा माणसांसमोर बाई सरळ बोलल्या होत्या, इथे त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. पलीकडून एका बाईचा दमलेला, अदबशीर आवाज आला, मागे नळ वाहत होता. पापुद्रेबाईंनी आपण कोण ते सांगितलं. मग एका दमात सांगून टाकलं, की तुमच्या मुलीला मी चुकीचा माल देत होते, तिचे आठ महिने माझ्यामुळे गेले, तिच्या हातात काही खोट नाही, असा हात मी इथे दुसरा पाहिलेला नाही. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि नोकरीच्या भीतीने मी तो लपवला.

पलीकडे नळ बंद झाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. एखादी आई जे काही बोलेल ते गुपचूप ऐकून घ्यायचं, असं त्यांनी फोन हातात घेतानाच ठरवलं होतं.

"आता दिसतं का हो तुम्हाला नीट?" त्या आईने विचारलं.

सकाळपासून त्या डोळ्याबद्दल बाईंना सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"एकाने दिसतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी फोन सावकाशकडे दिला आणि तिच्या शेजारी बाकावर बसल्या.